धुराडं अजून बसवायचं आहे

दिगू गेल्याचं कळलं तेव्हा मी इथे सिंगापूरला ऑफिसखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉलमध्ये, दुपारच्या रांगेत ट्रे घेऊन उभा होतो. फोन कुंदावहिनींचा होता. "भावजी, हे गेले... तुआसलाच... ऑफिसात खुर्चीत बसल्या बसल्या," एवढंच त्या बोलल्या. मग त्यांच्या शेजारणीने फोन घेऊन कुठल्या हॉस्पिटलात यायचं ते सांगितलं. अशा वेळी माणसाला रडू येतं म्हणतात. मला राग आला. मी ट्रे असा आपटला की पुढची बाई दचकून बाजूला झाली. गेले काही महिने दिगूला जिना चढताना धाप लागत होती. ते मी पाहिलं होतं, वहिनींनी पाहिलं होतं, आणि आम्ही दोघांनी डॉक्टरकडे जा म्हणून त्याच्यामागे लकडा लावला होता. त्याचं उत्तर ठरलेलं. "एवढं जहाज गोदीतून बाहेर काढू दे रे सुध्या, मग जातो." एक जहाज बाहेर पडायचं आणि दुसरं आत यायचं. तुआसच्या गोदीत जहाजांना काय तोटा! या गोष्टीला आता काही आठवडे झाले. माणसं भेटतात, "सावरायला हवं" म्हणतात, आणि माझा राग काही उतरत नाही. उलट त्यात भरच पडली आहे. ती कशाने पडली ते सांगायलाच हे लिहायला बसलो आहे.

दिगू म्हणजे दिगंबर पेठे. मूळचा सांगलीचा, मरीन इंजिनिअर. उमेदीची वर्षं बोटीवर काढली आणि मुलगी झाल्यावर आता जमिनीवर राहायचं म्हणून सिंगापूरला येऊन तुआसच्या एका यार्डात जहाजदुरुस्तीचं काम धरलं. मी बँकेतला माणूस. आमची ओळख इथल्या गणपतीत झाली, प्रसादाच्या रांगेत, आणि तीही वाद घालून. भाड्याच्या त्या हॉलमध्ये नेमका मधोमध एक खांब होता. मी म्हणालो, काय मूर्खपणा आहे, इथे कुणी खांब घालतं का? पुढचा माणूस वळून म्हणाला, "तो नंतर घातलाय. आधी इथे भिंत होती, ती पाडली म्हणून खांब द्यावा लागला." तुम्हाला काय माहीत, असं मी विचारल्यावर त्याने रांग सोडली, मला दंडाला धरून नेलं आणि फरशीवरची पाडलेल्या भिंतीची पुसट रेघ दाखवली. आमचे दोघांचेही मोदक गेले. पुढे कळलं की हा त्याचा धंदाच होता. कोरड्या गोदीत जहाज उभं राहिलं की त्याच्या पोटाखालून चालता चालता त्याला दिसायचं, की मूळचा पत्रा कुठला, मागच्या दुरुस्तीत बदललेला कुठला, आणि कुणी घाईत कुठे जोड मारून वेळ निभावून नेली आहे. यिशुनचा फ्लॅट त्याने जुना घेतला होता, एचडीबीचा, म्हणजे सरकारी वसाहतीतला. एकदा स्वयंपाकघरातली एक फरशी फुटली तर तिच्या खाली आधीच्या मालकाची फरशी निघाली, आणि तिच्याही खाली आणखी एक. कुंदावहिनींनी कपाळावर हात मारला. दिगूने मला माझ्या घरून, बुकित पंजांगहून, टॅक्सी करून बोलावून घेतलं, त्या फरश्या बघायला!

आता त्या घराबद्दल. बोटीवर असताना एकदा त्याची बोट इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका बंदरात दुरुस्तीसाठी अडकून पडली. करायला काही नाही म्हणून हा भटकत जवळच्या खेड्यात गेला. तिथे लाकडी सांगाड्याचं एक घर होतं, मध्ययुगातलं. पांढऱ्या भिंती आणि त्यांवर काळ्या लाकडांचे उभे-आडवे पट्टे, बिस्किटांच्या डब्यावर चित्र असतं तसं. हा फाटकाशी उभा राहून बघत बसला. आतून एक म्हातारी आली आणि तिने विचारलं, काय हवंय? याने तिला सांगितलं की तुमचं हे विटांचं धुराडं घराबरोबरचं नाही, मागाहून बसवलेलं दिसतंय. म्हातारी म्हणाली, आत या. तिने चहा दिला, शिडी दिली आणि माळ्यावर चढू दिलं. झालं, तिथे दिगू जो अडकला तो कायमचा. पुढे सुट्टी काढून तो खास त्या घरासाठी पुन्हा गेला, सोबत कुंदावहिनींना घेऊन. वहिनी अजून सांगतात, "लंडन दाखवतो म्हणून नेलं आणि माळा दाखवून आणलं."

त्या माळ्यावरचे वासे काळे होते. रंगाने नव्हे, धुराने. ते का, हे दिगू इतक्यांदा सांगायचा की मला पाठ झालं आहे. मुळात त्या घराला धुराडं नव्हतंच. मधली मोठी जागा जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत उघडी, जमिनीच्या मधोमध जाळ, आणि धूर गवताच्या छपरातून वाट मिळेल तसा बाहेर. दोन टोकांना दोन बाजू, एकीकडे साठवणीच्या खोल्या, दुसरीकडे मालकाचं निजणं. खिडक्यांना काचा नाहीत, लाकडी गज. भिंती आपल्याकडे कोकणात असतात तशा कुडाच्या, काटक्या विणून वर माती लिंपलेल्या. बऱ्याच पिढ्या असं चाललं. मग कुणाचे तरी डोळे चुरचुरले असतील, जाळ मधून एका कडेला सरकला आणि धुरासाठी तेवढाच आडोसा केला गेला. विटा परवडू लागल्या तेव्हा त्या आडोशाच्या जागी धुराडं उभं राहिलं. धूर गेला, वरची जागा मोकळी झाली, म्हणून मध्ये तुळया टाकून मजला केला. मजला आला म्हणून जिना आला. खिडक्यांना काचा आल्या. पुढे लाकूड उघडं दिसणं कमीपणाचं वाटू लागलं, तेव्हा सगळ्यावर गिलावा थापला. मग घराचे दिवस फिरले, मजुरांची बिऱ्हाडं आत आली, खांब कापून दारं काढली गेली. आणि अगदी अलीकडे लोकांना जुन्याचं वेड लागलं, तेव्हा त्यांनी गिलावा खरवडला आणि लाकडांना काळा रंग फासला. का, तर घर जुनं दिसावं म्हणून! "गंमत बघ," दिगू म्हणायचा, "बाहेरचा काळा खोटा आणि माळ्यावरचा खरा. लोक फोटो बाहेरच्याचे काढतात."

मला त्या खांब कापणाऱ्यांचा आणि गिलावा थापणाऱ्यांचा संताप यायचा. दिगूला कधीच नाही. "अरे, राहणारा माणूस घराला हात लावणारच. नाही लावला तर समज तिथे कुणी राहत नाही." त्याला जीव होता तो त्या काजळीवर. माळ्यावर एका पडद्याच्या भिंतीपाशी काळे वासे एकदम संपत होते आणि पलीकडे कोरे वासे सुरू होत होते. त्यावरून त्याला कळलं की जाळ अलीकडे होता आणि मालकाची खोली पलीकडे. तो म्हणायचा, "ज्या सुतारांनी घर बांधलं त्यांनी जोडांवर आकडे तरी कोरून ठेवलेत. पण ज्या बाईने रोज तो जाळ पेटवला तिचं काय उरलं? हे एवढंच. ती रोज उठली आणि तिने स्वयंपाक केला, याची ही सही आहे."

यार्डात जहाजांच्या जुन्या डेकचे सागवानी तुकडे फेकून दिले जायचे. ते गोळा करून दिगूने घरी त्या घराची प्रतिकृती करायला घेतली. हातभर लांबीची, प्रत्येक जोड खऱ्यासारखा, खाच आणि लाकडी खुंटी, डिंकाचा एक थेंब नाही. मुद्दा असा होता की ते घर ज्या क्रमाने बदललं त्याच क्रमाने हे बदलायचं. आधी उघडं घर, मग धुराडं, मग मजला, मग जिना, मग गिलाव्याच्या पट्ट्या. पण वासे काळे व्हायला हवेत ना? मी म्हणालो, मेणबत्ती धर, एका दुपारचं काम. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी मेणबत्तीचं नाव पुन्हा काढलं नाही. ऋता, त्याची मुलगी, प्रायमरी वनला, म्हणजे पहिलीला, गेली त्या वर्षी त्याने वाशांचा तो सांगाडा उचलला आणि घरातल्या देवघराच्या वर, फळीखाली, हूक लावून टांगला. खाली कुंदावहिनींची रोजची पूजा. तेलाचा दिवा, उदबत्ती, सणावाराला धूप. "एक दिवस घर पेटवाल," वहिनी म्हणाल्या. पण त्यांनी दिवा काही हलवला नाही. उलट पुढे पुढे त्या वात जरा मोठी ठेवू लागल्या, हे मी स्वतः पाहिलं आहे.

असं वर्षानुवर्षं चाललं. मी शनिवारी यिशुनला गेलो की दिगूचं पहिलं काम एकच. स्टुलावर चढायचं, वाशावरून बोट फिरवायचं आणि खाली येऊन ते बोट माझ्या नाकासमोर धरायचं. "बघ." आधी काहीच नसायचं. मग फिकट करडं, मग राखाडी. ऋता जवळपास असली तर त्याच बोटाने तिच्या गालावर तीट लावायची. ती शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत किंचाळायची, "पप्पा, सो डर्टी लाह!" आणि आरशात बघायला पळायची. सार्सच्या वर्षी कुणी कुणाकडे जात नव्हतं, तेव्हा त्याने घरी बसून पुढचे सगळे भाग करून ठेवले. मजला, जिना, खिडक्या, आणि ते धुराडं. धुराड्याला खरी भाजलेली माती वापरली, नखाएवढ्या विटा करून ओव्हनमध्ये भाजल्या. सगळं पत्र्याच्या एका डब्यात तयार. पण धुराडं बसवलं की धूर थांबला, पुढे वासे काळे होणार नाहीत. म्हणून तो थांबायचा. दर दिवाळीला मी विचारायचो, यंदा बसवायचं का? तो बोट बघून म्हणायचा, "अजून नाही. इतक्या लवकर कुणी चूल हलवत नाही."

लोकांना यातलं काय कळलं असेल? इथल्या मराठी मंडळातले लोक घरी यायचे, सांगाडा बघायचे, दिगू बोलायला लागला की घड्याळ बघायचे. एकाने तर तोंडावर सांगितलं, "पेठे, एवढी मेहनत रायगडावर घेतली असतीत तर मुलांना काही कळलं तरी असतं. इंग्रजांची घरं आपण का करायची?" माझं डोकं फिरलं होतं. दिगू हसला आणि म्हणाला, "खरं आहे. पण त्या बाईंनी मला माळ्यावर चढू दिलं हो." त्या गृहस्थांनी आणखी एक भजं घेतलं.

शेवटची भेट शनिवारचीच. दिगू स्टुलावर चढला तेव्हा त्याला धाप लागली होती, फळीला धरून थोडा वेळ तसाच उभा राहिला. मी खाली ये म्हणून ओरडलो. त्याने बोट फिरवलं आणि खाली येऊन समोर धरलं. बोट काळंकुळकुळीत होतं. एकदम तव्याच्या बुडासारखं. तो म्हणाला, "झालं रे. आता पुरे. पुढच्या रविवारी धुराडं बसवू. तू ये, ऋताच्या सरांनाही बोलावलंय." ऋता आता पॉलिटेक्निकमध्ये आर्किटेक्चर शिकते. तिचे एक सर, टॅन नावाचे, हे घर त्यांच्या विभागाच्या लॉबीत काचेच्या पेटीत ठेवायला तयार झाले होते. धुराडं बसलं, मजला बसला की घर त्यांच्याकडे जायचं, आणि मुलांनी पेटीपाशी वाकून वर बघितलं की त्यांना मजल्यावरचे काळे वासे दिसायचे, म्हणजे या घरात एके काळी धूर होता हे त्यांनी आपलं आपण ओळखायचं. दिगू इतका खूश होता की त्याने माझ्याच गालावर तीट लावली. "तुला दृष्ट लागण्यासारखं काही नाही, पण असू दे." रविवार उजाडायच्या आधीच तो गेला.

सांगलीहून आक्का आल्या. आक्का म्हणजे दिगूची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर त्यांनीच त्याला वाढवलं होतं. पासपोर्ट होता, पण तिकीट आणि व्हिसा होऊन त्या पोचेपर्यंत मंडाईच्या स्मशानात सगळं आटोपलं होतं. त्यांना त्याचं तोंड दिसलं नाही. विमानतळावरून थेट फ्लॅटवर आल्या, हंबरडा नाही की काही नाही, पदर खोचला आणि कामाला लागल्या. कुंदावहिनी आतल्या खोलीत पडून होत्या, ऋताची परीक्षा अंगावर आलेली. घर आक्कांनी चालवलं, आलेल्यागेलेल्यांचं पाहिलं, भटजी शोधले. सुतकात देवाचा दिवा बंद होता. सुतक फिटलं त्या दिवशी, आपल्याकडे करतात तसं, त्यांनी घर धुऊन काढलं. पडदे, चादरी, भांडी, फरश्या... आणि देवघर.

गोडाच्या जेवणाला मी गेलो. चप्पल काढून आत आलो, सवयीने वर बघितलं. हूक रिकामा होता. आक्का माझ्या मागून आल्या आणि म्हणाल्या, "ते होय? किती ती काजळी रे बाबा! देवाच्या डोक्यावर असली काजळी ठेवतात का कुणी? पोरगी लहान, कुंदाला बिचारीला वेळ नाही... गरम पाण्यात सोडा घातला, सगळं सुटं करून भिजत घातलं, दोन दुपारी घासत होते बघ. ये, दाखवते." बाहेर कॉरिडॉरमध्ये वर्तमानपत्रावर वासे ओळीने वाळत घातले होते. स्वच्छ. पिवळसर, नव्या पाटासारखे. एक-दोन फुगून वाकडे झाले होते. "लख्ख झालं की नाही?" आक्का म्हणाल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोललो ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. तुम्ही काय केलंत तुम्हाला कळतं का, असं सुरू झालं आणि कुठल्या कुठे गेलं. विचारायचं तरी होतंत, असं म्हणालो. शेजारच्या मलाय आजीबाई दार उघडून बाहेर आल्या. भटजी ताटावरून उठून उभे राहिले. आक्का पाट्यासारख्या उभ्या होत्या. त्यांना कळेचना की स्वच्छ केल्याबद्दल कुणी एवढं का चिडतं. शेवटी ऋता आली, माझ्या आणि आक्कांच्या मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "काका, इनफ लाह. प्लीज." आणि मग हळूच, "शी डिडन्ट नो." मी जेवलो नाही. निघताना पत्र्याच्या डब्यातलं धुराडं उचललं आणि रुमालात गुंडाळून खिशात घातलं. का घेतलं ते सांगता येणार नाही. आता याला पण कुणी धुईल, असं काहीतरी डोक्यात होतं.

घरी जाताना एमआरटीच्या गाडीत बसल्यावर राग आणखी वाढला. कुणावर रागवायचं हेच ठरेना. आक्कांवर? ज्या बाईला भावाचं तोंड दिसलं नाही, तिने हाताला लागलेलं सगळं घासलं. दुसरं काय करणार होत्या त्या? त्यांच्या परीने त्या त्याला न्हाऊ घालत होत्या. हे मला त्या क्षणीही कळत होतं आणि म्हणूनच जास्त चीड येत होती. ज्याच्यावर रागवायचं त्याच्यावर रागवता येऊ नये, याच्याइतका त्रास दुसरा नाही. दिगूवर तर होताच राग. जगातल्या प्रत्येक माणसाला थांबवून काजळीची गोष्ट सांगणारा हा माणूस, सख्ख्या बहिणीशी फोनवर त्याबद्दल कधी बोलला नव्हता. तिला काय कळणार त्यातलं, असं म्हणाला असेल. डॉक्टरकडे गेला असता तर तो रविवार आला असता. आढ्यावर धुराडं बसलं असतं, घर पेटीत गेलं असतं, आणि मग आक्का काय वाटेल ते धुवोत!

मंडळाने शोकसभा घेतली. अध्यक्षांनी भाषणात दिगूच्या मनमिळाऊपणाबद्दल सांगितलं आणि म्हणाले, "पेठ्यांना बाहुलीघरं करायचा छंद होता." बाहुलीघरं! लोक मान हलवून हसले, प्रेमानेच हसले. मी उठून सांगणार होतो, पण काय सांगणार? घर आता तसंही बाहुलीघरच झालं होतं. कोरं, गोंडस, दुकानातून आणल्यासारखं. त्यातून धूर निघून गेला होता.

पुढच्या आठवड्यात टॅन सर यिशुनला आले. भला माणूस. ऋताने त्यांना सगळं सांगितलं होतं. आक्का परत गेल्या होत्या, कुंदावहिनी पहिल्यांदाच बाहेरच्या खोलीत येऊन बसल्या होत्या. वासे टेबलावर होते. टॅन सरांनी एक उचलून उजेडात फिरवला आणि मनापासून म्हणाले, "नेव्हर माइंड. कॅन स्प्रे, व्हॉट. मॅट ब्लॅक. वन अवर फिनिश. नोबडी कॅन टेल." तासाभराचं काम, कुणाला कळणार नाही. मग काचेची पेटी तयार आहे, नवं सत्र सुरू व्हायच्या आत लॉबीत ठेवता येईल. मी तोंड उघडलं, आणि मला माहीत होतं की आता पुन्हा माझा आवाज चढणार. पण त्याआधी कुंदावहिनी बोलल्या. एरवी पाहुण्यांसमोर त्या इंग्रजी बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या. "नो स्प्रे. माय हजबंड सेड, आउटसाइड ब्लॅक इज फॉल्स." मग माझ्याकडे वळून मराठीत, अगदी शांतपणे. "भावजी, सगळे त्यांची मेहनत वाया गेली म्हणून हळहळतात. तुम्हीसुद्धा. लाकूड त्यांचं होतं. काजळी माझी होती. इतकी वर्षं रोज सकाळी आंघोळ करून दिवा कुणी लावला? आक्कांनी माझी पूजा धुतली. मला कुणी विचारलं का, की तुला राग आलाय का?"

माझा राग तेव्हा केवढा पोरकट वाटला काय सांगू. ती सही कुणाची आहे हे दिगूने शंभर वेळा सांगितलेलं असून, समोर बसलेली बाई मला दिसली नव्हती. वहिनी उठल्या, स्टूल ओढलं. वाशांच्या खुंट्या ऋताने बसवायला सुरुवात केली होती, फुगलेला एक वासा काही केल्या खाचेत जात नव्हता. तिने पॉलिश पेपरने तो थोडा घासला आणि बसवला. "पप्पा वुड से, धिस ऑल्सो पार्ट ऑफ द हाऊस," ती म्हणाली. टॅन सर स्टूल धरून उभे राहिले. वहिनींनी सांगाडा हुकाला टांगला. एक बाजू जरा कलती राहिली. मग खाली उतरून त्यांनी दिवा लावला, सुतकानंतर पहिल्यांदा. वात मोठी ठेवली. पेटी रिकामीच राहिली, तिच्यात आता दुसऱ्या कुणाचं काहीतरी ठेवलं आहे असं ऋता सांगते.

गेल्या शनिवारी मी धुराडं परत द्यायला गेलो. रुमालातून काढून टेबलावर ठेवलं. वहिनींनी ते हातात घेतलं, नखाएवढ्या विटांवरून अंगठा फिरवला आणि पुन्हा माझ्याच हातात दिलं. म्हणाल्या, "तुमच्याकडेच राहू दे, भावजी. आत्ता कुठे चूल पेटली आहे." तेव्हा ते आता बुकित पंजांगला माझ्या टेबलावर उभं आहे, खिडकीच्या बाजूला, आणि ते तिथे का आहे असं घरातलं कुणी विचारत नाही. राग अजून गेलेला नाही. माझं आता इतकी वर्षं थांबायचं वय राहिलेलं नाही, हे वहिनींना कोण सांगणार? पण शनिवारी मी यिशुनला जातो. वहिनी चहा करायला आत गेल्या की स्टुलावर चढतो, वाशावरून बोट फिरवतो आणि खाली येऊन खिडकीशी धरून बघतो. अजून बोट कोरंच निघतं.